सेहेर, मंगळवारच्या आधी

मंगळवारी सकाळी साडेसातला तुझं पोर येणार,
कागदावर शिक्का मारून वेळ लिहिली आहे.
आई म्हणते, असं कधी असतं का,
यायचं त्याने आणि तारीख द्यायची आपण?
म्हणू दे. ते पोटात आडवं बसलंय,
चहाच्या गोणीवर मांजर बसतं तसं. हलायला तयार नाही.

सोमवारी मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही.
नखांचा रंग काढून जा.
अंगठी साबण लावूनच निघेल, बोटं सुजलीत तुझी;
ती जेमिलकडे देऊ नकोस, तो हरवील. माझ्याकडे दे.

रिझेच्या त्या दवाखान्यात चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो.
तुला दिसणार नाही.
तुला टेबलावर बसवून पाठ वाकव म्हणतील.
आठव, उतारावर टोपली पाठीला बांधताना
आपण कशा वाकतो: हनुवटी छातीला, खांदे सैल.
बोटांनी मणके चाचपतील,
मग गार बोळा, एक डंख,
आणि पाय तुझे राहत नाहीत.
मला वाटलं, दोन ओल्या ओंडक्यांना
कुणी माझे मोजे घातलेत.

दुखत नाही. पण कळतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते.
ओढतात, रेटतात,
कुणी तुझ्या ट्रंकेत कोपरापर्यंत हात घालून
तळाशी गेलेलं काहीतरी शोधावं तसं,
आणि तू पडद्याअलीकडे दिवे मोजत पडलेली.
दात वाजतील. वाजू देत.
पलीकडे उल्कू हानम कुणाला तरी विचारत होत्या,
यंदा चहाला किलोमागे काय भाव निघेल.
आकडा ऐकू यायच्या आत पोयराझ रडला.

गालाला गाल लावला त्यांनी.
ओला, गरम, चिडलेला.
आणि खरं सांगू? मला काही वाटलं नाही.
मनात आलं, कुणाचं आहे हे.
चौथ्या रात्री तीन वाजता, त्याचा मोजा शोधताना,
त्याचा एक कान दुमडलेला दिसला, बाबांसारखा,
तेव्हा आलं ते, भसकन,
मी फरशीवरच बसले, आणि टाक्यांपायी उठता येईना.
तुला लगेच आलं तर चांगलंच.
नाही आलं तर वाटेत आहे समज.

पुढचं कागदावर नसतं.
अख्खं घर तुझा वारा सरायची वाट बघेल.
नर्स विचारेल, सासू विचारेल,
फुलं घेऊन आलेली शेजारीण दारातूनच विचारेल, सरला का?
सरला की टाळ्या. लाजू नकोस, मगच सूप मिळतं.
लवंग घातलेलं लाल सरबत पाहुणे पितील,
तू वास घे.

पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा
पोट जमिनीवर सांडेल असं वाटेल.
सांडत नाही. कुशीवर वळ, हाताने रेट, मग पाय खाली सोड.
खोकला आला, हसू आलं, की उशी पोटाशी घट्ट.
म्हणून जेमिलला आठवडाभर विनोद बंद.
अंगावरून जातंच, वरून काढलं तरी.
चड्ड्या आजीच्या मापाच्या आण, बेंबीवर येणाऱ्या.
ताप आला, टाका लाल झाला, पोटरी सुजली,
तर मला नाही, दवाखान्यात फोन कर.
बाळाहून जड काही उचलायचं नाही,
सहा आठवडे टोपलीकडे बघायचंसुद्धा नाही.
वाढू दे पानं.

दुरिये मावशी मला म्हणाली होती,
तुझं बरं, निजल्या निजल्या आई झालीस.
मी उठून तिला चहा दिला.
उठायला सात मिनिटं लागली.
तिने मोजली असावीत, पुन्हा म्हणाली नाही.

व्रणावरची दोन बोटं जागा अजून बधिर आहे,
दोन वर्षं झाली.
अंघोळीला हात लागतो
आणि वाटतं, शेजारणीला लागला.

मंगळवारी मी खाली गाडीपाशी असेन,
वर एकालाच सोडतात.
अंगठी माझ्या बोटात.
ती मला घट्ट होते, तेव्हा साबण विसरू नकोस.